शेवटची आंघोळ कोणाची?

"पुन्हा गार! माझं अर्धं डोकं फेसात आहे आणि पाणी पुन्हा गार."

"हळू बोल. काकू ऐकतील."

"तिकडे म्हणे दिवसरात्र गरम पाणी. नळ सोडला की झालं."

"हं," तिसरा आवाज म्हणाला.

हे बोलणं मी चोरून ऐकलं असं पुढे शेजारच्या थिओपीने साऱ्या गल्लीत सांगितलं, म्हणून खुलासा आधीच करते. मी गिझर ऐकत होते. आमचा गिझर बाथरूमच्या माळ्यावर आहे आणि त्याचं बटण बाहेर, घरातल्याच बोळात. एकदा दाबलं की चालू, पुन्हा दाबलं की बंद. बटण दोन्ही वेळा दिसतं सारखंच. फरक सांगायचा तो शेजारचा लाल दिवा. तो दिवा ईस्टरच्या सुमारास गेला. मेनेलाओस इलेक्ट्रिशियन "उद्या येतो" म्हणाला, आणि आमच्या यानेना गावात 'उद्या' हा दिवस नसून स्वभाव आहे. तेव्हापासून गिझर चालू आहे की बंद हे कळायला एकच मार्ग उरला. बाथरूमच्या भिंतीला कान लावायचा. बारीक घरघर असली तर चालू, शांत असलं तर बंद. त्या शुक्रवारी मी कान लावला तेव्हा घरघर नव्हती, कुरकुर होती.

एवढं काय त्या गिझरचं, असं कोणाला वाटेल. आमच्याकडे माणूस घरातून निघताना देवाचं नाव घेईल न घेईल, पण गिझर बंद केला का हे विचारल्याशिवाय उंबरा ओलांडत नाही. त्यापायी लग्नाला निघालेली वऱ्हाडं अर्ध्या वाटेतून परत फिरली आहेत. प्रत्येकाच्या माहितीत एक तरी घर असतं जिथे गिझर चालू राहिला, फुटला आणि छत फोडून आभाळात गेला. माझ्या माहितीतलं घर माझ्या नणंदेच्या जावेच्या इमारतीतलं. इमारत नक्की कोणती ते नणंदेला सांगता येत नाही, पण छताचं भोक ज्या बाईने पाहिलं त्या बाईला ती स्वतः भेटली आहे.

तर आत तिघं होती.

"सोमवारपर्यंत त्यांना हो की नाही ते सांगायचंय," ओविदिऊ दात घासता घासता म्हणाला. "पण काकूंना कोण सांगणार?"

"तू," रादका बेसिनमधून म्हणाली.

"मी का? तुझं ग्रीक माझ्याहून चांगलं आहे."

"असल्या बातमीला चांगलं ग्रीक कशाला लागतं?"

"हं."

हा हुंकार आइनोचा. तिघांच्या भाषा तीन, त्यामुळे माझ्या घरात रुसवेफुगवेसुद्धा मोडक्या ग्रीकमध्ये चालतात आणि मला सगळे समजतात. रादका चेक आहे. तिला प्रत्येक गोष्टीचं कारण लागतं. ओविदिऊ रुमानियाचा, ताडमाड आणि भिडस्त. नको असताना तिसऱ्यांदा वाढलेलंही खातो. आइनो फिनलंडची. ती आल्यापासून माझ्याशी तीनच शब्द बोलली होती: हो, नाही आणि पुरे. त्यातलं 'पुरे' मी मानत नव्हते. तिघं आमच्या विद्यापीठात वर्षभर ग्रीक शिकायला आलेली आणि माझ्या वरच्या खोल्यांत राहणारी. आणि 'तिकडे' म्हणजे विद्यापीठाच्या मागे नुकतंच उघडलेलं होस्टेल. बाहेरून ते दवाखान्यासारखं दिसतं. पण दवाखान्यातसुद्धा गरम पाणी असतं, हे मला मान्य करावं लागेल.

माझी मुलगी स्टुटगार्टला गेली तेव्हा वरचा मजला गप्प झाला. वरचा मजला गप्प झाला की खालच्या मजल्यावर रेडिओ मोठा लावावा लागतो. मी तो लावून पाहिला आहे. बातम्या जिन्यावरून धाडधाड उतरत नाहीत, आणि 'काकू, माझा एक मोजा पाहिलात का?' असं विचारतही नाहीत.

मी कान भिंतीवरून काढला आणि सरळ बाल्कनीत गेले. थिओपी पलीकडे सतरंजी झटकत होती. तिला एका कानाने कमी ऐकू येतं. कोणत्या, ते ती प्रसंग पाहून ठरवते.

"जाणार म्हणतायत," मी म्हणाले.

"जाणारच. दोन महिन्यांत त्यांनी इथे काय पाहिलं? तुझा गिझर!"

"मग काय करू?"

"फिरव त्यांना. किल्ला दाखव, म्युझियम दाखव, बेटावर ने. ज्याने बेट दाखवलं त्याला सोडून कोणी जात नाही."

"असं कोणी सांगितलं?"

"आत्ताच मी सांगितलं. ऐकू येत नाही का तुला?"

खाटकाचं मत पडलं की नुसतं फिरवून भागत नाही, पोट भरलेलं असेल तर माणूस अवघड बोलत नाही. औषधांच्या दुकानातल्या बाईंनी आणखी शास्त्रीय विचार मांडला. "इतकं चालव, असिमीना, की संध्याकाळी तोंड उघडायची ताकद उरता कामा नये. सोमवार आपोआप उलटेल." मला हा उपाय पटला. त्यात माझेही गुडघे त्यांच्या पायांबरोबर जाणार आहेत हे त्यांनीही सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

आता, गाव दाखवायचं म्हणजे गावाबद्दल चार शब्द बोलता आले पाहिजेत. माझं शिक्षण शाळेपेक्षा ज्ञानकोशात जास्त झालं. तो आम्ही हप्त्याने घ्यायचो, आणि हप्ते 'क' अक्षराशी थांबले. त्यामुळे अणुरेणू, इंद्रधनुष्य, कासव वगैरे विषयांवर मला कोणी हरवू शकत नाही. किल्लाही थोडक्यात आला. पण तळं, बेट आणि म्युझियम ही सगळी 'क'च्या पुढची. आणि जन्म या गावात गेला म्हणून काही ती पाहिलेली असतात असं नाही. म्युझियममध्ये मी शेवटची शाळेच्या रांगेतून गेले होते आणि तेव्हा माझं सगळं लक्ष पुढच्या मुलीच्या वेणीकडे होतं.

रविवारी सकाळी तिघं माझ्याआधी उठून पाव आणायला गेली. एका पावाला तीन माणसं. मला कौतुक वाटलं. परत आली ती पावाशिवाय. "संपला होता," रादका म्हणाली. तिघांचे केस ओले.

"भुरभुर आहे वाटतं?"

"आहे ना, काकू," तिघं एकदम म्हणाली. म्हणजे दोघं म्हणाली, आइनोने मान हलवली.

आमच्या गावात भुरभुर आहे का या प्रश्नाला खिडकीबाहेर न बघता हो म्हणावं, आणि बहुतेक वेळा ते खरं निघतं. मी पुढे विचारलं नाही. ओविदिऊच्या अंगाला लिंबाच्या साबणाचा वास येत होता, म्हणजे आंघोळी आटोपल्या होत्या. मी त्या गडबडीत पालक आणि चीजची पिटा भट्टीतून काढत होते. आमची पिटा म्हणजे हाताएवढी पोळी नव्हे. आमची पिटा परातीत होते, थरावर थर घालून, आणि परात घरातल्या माणसांना नाही तर आल्यागेल्याला धरून घेतलेली असते. डब्यात घालायची तर तुकडे करावे लागतात, आणि गरम पिटेचे तुकडे केले तर ती बसते. म्हणून परातीसकट न्यायचं ठरलं. परात ओविदिऊच्या हातात दिली. तो ती दोन्ही हातांनी छातीशी धरून निघाला, त्याच्या मागे मी, माझ्या मागे दोघी. कोपऱ्यावरच्या म्हातारीने देवाची मिरवणूक समजून क्रूसाची खूण केली.

किल्ल्याच्या वेशीपाशी मी घसा साफ केला. "हा किल्ला," मी सुरुवात केली, आणि त्याच क्षणी मला आठवलं.

"गिझर! निघताना मी भिंतीला कान लावलाच नाही. शेवटची आंघोळ कोणाची?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"बंद आहे, काकू," रादका म्हणाली.

"पण शेवटी कोण होतं आत?"

"बंदच आहे. शंभर टक्के."

"शंभर टक्के," ओविदिऊ परातीवरून म्हणाला.

"हो," आइनो म्हणाली.

इथे मला शंका यायला हवी होती. गिझरबद्दल शंभर टक्के खात्री असलेलं माणूस मी जन्मात पाहिलेलं नाही. पण मला वाटलं, एवढी ठाम खात्री म्हणजे नक्की विसरलेत. घर अगदी जवळ होतं. परत जाऊन भिंतीला कान लावून येता आलं असतं. पण घरी गेलो की खुर्च्या येणार, खुर्च्या आल्या की कोणीतरी बसणार, आणि बसलं की म्हणणार, काकू, एक बोलायचं होतं. माझ्या एका बाजूला छत उडणार होतं आणि दुसऱ्या बाजूला वरचा मजला रिकामा होणार होता. मी म्हणाले, "चला, म्युझियम."

म्युझियमच्या दारावर पेरिक्लीस होता. आम्ही एका बाकावर बसून शाळा शिकलो, पण गणवेश चढवला की तो ओळख दाखवत नाही.

"हे काय आहे?"

"पिटा."

"आत खाद्यपदार्थ चालत नाहीत."

"कोण खातंय? नुसती बरोबर आहे."

"सामानाच्या खणात ठेवा."

परात खणात मावेना. आडवी नाही, उभी तर नाहीच.

"मग तुझ्या टेबलाखाली राहू दे."

"बेवारस वस्तू ठेवता येत नाही."

"बेवारस कशी? मी समोर उभी आहे!"

"तू आत गेलीस की बेवारस."

"मग तू लक्ष ठेव."

"मी लक्ष ठेवलं म्हणजे ती माझ्या ताब्यात आली. ताब्यात आली की पावती आली. पावतीवर शिक्का लागतो. शिक्का साहेबांच्या कपाटात आहे, आणि साहेब रविवारी नसतात."

एवढ्या मुद्देसूद माणसापुढे काय बोलणार? तिघांना आत पाठवलं आणि मी बाहेर दगडावर मांडीवर परात घेऊन बसले. गाव दाखवायला मी निघाले होते आणि गाव मला बघत होतं. दोन ओळखीच्या बायांनी "कशी दिली?" म्हणून विचारलं. थोड्या वेळाने पेरिक्लीस बाहेर आला, इकडेतिकडे पाहिलं आणि एक कोपरा तोडून खाल्ला.

"आता चालतात वाटतं खाद्यपदार्थ?"

"ही तपासणी आहे," तो तोंड भरून म्हणाला. "मीठ कमी आहे."

मीठ कमी नव्हतं. त्याने केलेला हा अपमान मी अजून विसरलेले नाही.

तिघं बाहेर आली. रादकाच्या डोक्यात प्रश्नांची रांग लागलेली होती.

"काकू, तो चांदीचा पट्टा कोणत्या काळातला?"

"जुन्या."

"किती जुन्या?"

"पेरिक्लीसला नोकरी लागली त्याच्या आधीच्या."

ती हसली. मग हसू गिळून ओविदिऊकडे पाहिलं, त्याने आइनोकडे पाहिलं, आइनोने आपल्या बुटांकडे पाहिलं. "काकू," रादका म्हणाली, "इथे जरा बसू या का? आम्हाला तुमच्याशी एक—"

"बसायचं कसलं? बोट सुटेल!" मी उठलेसुद्धा. खरं तर बेटाची बोट माणसं जमली की सुटते, आणि त्या भुरभुरीत आम्हीच काय ती माणसं होतो. बोटवाला आमच्यासाठी थांबून वर्तमानपत्र वाचत होता.

बोटीत खिडकीशी बसले, तळ्यावर धुकं होतं. म्हणजे दाखवायला काही नव्हतं. काही दाखवायला नसलं की बोलणं निघतं, म्हणून मी मोबाइल काढून थिओपीला फोन लावला. तिच्याकडे आमची किल्ली असते.

"थिओपी, घरात जा आणि गिझर बंद आहे का ते बघ."

"बघून कळतं का? दिवा कुठाय?"

"भिंतीला कान लाव."

"कोणता?"

"कोणताही! चालणारा!"

बराच वेळ तिच्या चपला वाजल्या, किल्ली वाजली. मग ती म्हणाली, "काही ऐकू येत नाही."

"म्हणजे बंद आहे की तुला ऐकू येत नाही?"

"ते मला कसं कळणार? थांब, दाबून टाकते."

"अगं, दाबू नकोस!"

"दाबलं."

"कशाला दाबलंस?"

"बंद करायला."

"आणि आधीच बंद असेल तर? आता चालू झाला ना!"

"मग परत दाबते."

"थांब!"

"दाबलं. हे बघ, आता पहिल्यासारखं आहे."

"पहिलं कसं होतं?"

"ते तू सांग. घर तुझं." तिने श्वास घेतला, आणि मग ती ज्या आवाजात गल्लीपलीकडच्या माणसाशी बोलते त्या आवाजात म्हणाली, "ते जाऊ दे. पोरांनी तोंड उघडलं का? राहणार की जाणार?"

बोट छोटी, इंजिन थकलेलं, आणि माझ्या मोबाइलचा आवाज मुलीने स्टुटगार्टहून येऊन शेवटपर्यंत वाढवून ठेवलेला. बोटवाल्याने वळून पाहिलं. रादका पाण्याकडे बघू लागली. ओविदिऊ परातीवरचं फडकं नीट करू लागला. ते आधीच नीट होतं. मी जाणते हे आता त्यांना कळलं होतं, त्यांना ते कळलंय हे मला कळलं होतं, बोटवाल्यालाही एकूण अंदाज आला होता.

"बघा, बघा, बगळा!" मी ओरडले.

धुक्यात बोट दाखवलं. तिथे काही नव्हतं. तिघांनी मनापासून त्या दिशेला पाहिलं. ओविदिऊ तर म्हणाला, "केवढा मोठा."

बेटावर उतरलो. खाणावळींच्या दारात पोरं उभी राहून "या, या, ताजे मासे" करत होती, आणि त्यांच्यासमोरून आम्ही आमची परात घेऊन जात होतो, म्हणजे दुसऱ्याच्या लग्नात आपला डबा घेऊन जावं तसं. चर्चच्या मागच्या बाजूला एक कठडा सापडला. तिथे बसून पिटा खाल्ली. वरून भुरभुर, खालून ओला दगड. वरचा थर कुरकुरीत राहिला नव्हता, पण कोणी बोललं नाही. ओविदिऊ तिसऱ्या तुकड्यावर आला आणि त्याचे डोळे पाणावले.

"काकू," तो म्हणाला, "तुम्ही आमच्यासाठी एवढं करता आणि आम्ही—"

"खा," मी चौथा तुकडा त्याच्या हातात कोंबला.

आइनोपुढे परात धरली. "पुरे," ती म्हणाली. तिलाही एक वाढला.

मग तुर्कांच्या काळी इथे राज्य करणाऱ्या पाशाचं घर दाखवलं. त्याला वरच्या खोलीत गाठलं आणि खालून गोळ्या झाडल्या, लाकडी जमिनीत भोकं आहेत, एवढं गावात सगळ्यांना माहीत असतं, आणि मलाही एवढंच माहीत होतं.

"खालून?" रादकाने विचारलं. "इतकी माणसं खाली आली आणि त्याला वर काही ऐकू आलं नाही?"

"माणसाने घरात कान लावून असावं ते याचसाठी," मी म्हणाले.

आणि मग मला वाटलं, कान लावून तरी काय झालं? मी शुक्रवारीच सगळं ऐकलं होतं. ऐकू येणं आणि जीव वाचणं ही दोन वेगळी कामं आहेत. मी त्या भोकांकडे पाहत उभी राहिले. इतक्यात रादकाने माझ्या बाहीला हात लावला, आणि मी म्हणाले, "परतीची बोट!"

गावात परत आलो तेव्हा कोणाच्याही पायांत जीव नव्हता. सुज्ञ माणसाने इथे घर गाठलं असतं. पण पाहण्यासारखी ठिकाणं संपली म्हणून मी काही थांबले नाही. मी न पाहण्यासारखी सुरू केली. घड्याळाचा मनोरा दाखवला. माझ्या दातांच्या डॉक्टरांची इमारत दाखवली, त्यात त्यांची खिडकी कोणती तेही. जिथे पहिला सिग्नल बसवला आणि पहिल्याच दिवशी महापौरांच्या मेव्हण्याने तोडला, तो चौक दाखवला. रादका प्रत्येक ठिकाणी "काकू, आम्ही—" म्हणायची आणि मी प्रत्येक ठिकाणी हात वर करून काहीतरी दाखवायचे. शेवटी खांदा दुखायला लागला.

अग्निशमन केंद्राशी मात्र माझा खाजगी हेतू होता. तिघांना बंब बघायला सांगून मी आत गेले.

"आज आमच्या गल्लीतून काही खबर?" मी तिथल्या माणसाला विचारलं.

"कसली खबर?"

"छतातून काही वर गेल्याची."

त्याने मला नीट पाहून घेतलं. "गिझर?" तो म्हणाला.

"हो."

"आज तुम्ही सहाव्या. घरी जा, बाई. पाय ओले आहेत तुमचे."

मी घरी गेले नाही. पुढचं वळण घेतलं आणि समोर बस स्टँड आला. तो मला दाखवायचा नव्हता. पण थकलेले पाय ओळखीच्या वाटेने जातात.

"हा बस स्टँड," मी म्हणाले. काहीतरी म्हणायलाच हवं होतं.

"इथून बसेस कुठे जातात?" रादकाने सवयीने विचारलं.

"सगळीकडे."

एक बस लागलेली होती. एक बाई खिडकीखाली उभी राहून आतल्या मुलाला काचेतून काहीतरी सांगत होती. त्याला ऐकू येत नव्हतं आणि तो मान हलवत होता. मी तिथे उभी राहिले. मुलीला सोडायला आले होते तेव्हा मी काचेतून काय ओरडत होते, तर वरची खोली आहे तशीच ठेवेन. तिला ऐकू गेलं 'लोकरीचे मोजे ठेव', आणि तिने बॅग उघडून मोजे दाखवले. बस सुटेपर्यंत ती मोजे दाखवत होती.

दिवसभरात पहिल्यांदाच रादकाला विषय काढायला रिकामी जागा मिळाली होती, आणि तिने ती सोडून दिली. ओविदिऊने परात एका हातात घेतली आणि दुसरा हात कोपरात वाकवून माझ्यापुढे केला.

"चला, काकू. घरी."

मी तो धरला. गुडघे माझे होते, त्यांच्यापुढे कोणाचं काय चालणार?

छत जागेवर होतं. गल्लीच्या टोकावरूनच मी ते पाहिलं, आणि खरं सांगते, इतक्या दुरून आपलं छत कधी इतकं सुंदर दिसलं नव्हतं. जिना चढलो. बूट काढायच्या आधी मी बोळात जाऊन भिंतीला कान लावला.

घरघर. नुसती घरघर नाही, आत इंजिन चाललं होतं. मी धावत बटण दाबलं, नळ सोडला. वाफेचा लोट आला आणि आरशात मी दिसेनाशी झाले.

"दिवसभर!" मी म्हणाले. "दिवसभर तापत होता!"

तिघं बोळात रांगेत उभी. ओली, चिखलाने माखलेली, ओविदिऊच्या हातात परात.

मी फार रागावले होते असं नाही. पण थकलेल्या माणसाला एक तरी गोष्ट नक्की कळावी असं वाटतं. थिओपीने ते बटण दोनदाच दाबलं की फोन ठेवल्यावर आणखी एकदा, हे तिला विचारून उपयोग नव्हता. ती उद्या तिसरंच सांगेल. सकाळी ते कसं होतं एवढं कळलं तर सगळा उलगडा होणार होता.

"आता खरं सांगा," मी म्हणाले. "शेवटची आंघोळ कोणाची?"

"माझी, काकू," ओविदिऊ म्हणाला. "मीच विसरलो."

"नाही, माझी," रादका म्हणाली. "मी शेवटी होते."

"तू कशी? तुझ्यानंतर मी गेलो."

"तू माझ्याआधी गेलास!"

"मला आठवतंय ना, मी पाणी सोडलं, साबण लावला—"

"काहीतरीच! साबण मी लावला!"

गिझर चालू ठेवल्याचा गुन्हा आपल्या अंगावर घ्यायला दोन माणसं भांडतायत, असा प्रकार आमच्या देशाच्या इतिहासात घडला नसावा. मी त्यांच्याकडे बघत होते आणि बघता बघता माझी नजर बाजूला गेली. बाथरूमच्या दांडीवर तिघांचे टॉवेल होते. शनिवारी मी धुऊन, इस्त्री करून, चौपदरी घडी घालून ठेवले होते तसेच. घडी मोडलेली नव्हती. आणि माझ्या घरात लिंबाचा साबण कधीच नव्हता.

मी टॉवेल पाहिले हे त्यांनी पाहिलं. दोघं भांडायची थांबली.

"बरं झालं, आठवलं," मी म्हणाले. आवाज मला हवा तेवढा मोठा निघाला नाही. "गच्ची दाखवायची राहिलीच. गच्चीवरून किल्ला फार छान दिसतो. चला, चला, अंधार पडेल—"

"पुरे, काकू," आइनो म्हणाली.

दिवसभरात तिचा हा दुसरा 'पुरे'. या वेळी मी मानला. वर केलेला हात खाली घेतला.

आइनोने ओविदिऊच्या हातातून परात काढून घेतली आणि ती जमिनीवर ठेवली. मग ती सरळ उभी राहिली, वर्गात उभं राहतात तशी, आणि एकेक शब्द शोधून, तपासून, माझ्यापुढे मांडत गेली. एकाही शब्दाचा प्रत्यय चुकला नाही.

"गिझर आज आम्ही लावलाच नव्हता. आम्ही इथे आंघोळ केली नाही. सकाळी आम्ही त्यांना हो सांगायला तिकडे गेलो होतो, आणि तिकडे पाणी गरम होतं." ती थांबली. पुढचं वाक्य भविष्यकाळातलं होतं. "काकू, शनिवारी आम्ही जाणार आहोत."